‘डबल कोट’ जर्मन शेफर्डचं पिल्लू: जादा पैसे कशाचे?

पिल्लांच्या जाहिरातीत ‘डबल कोट’ लिहिलं की किंमत चढते. मुळात शब्दच फसवा आहे. वर राठ केस आणि खाली मऊ लोकर हे दोन थर आखूड केसांच्या जर्मन शेफर्डलाही असतात. विकणाऱ्याला म्हणायचं असतं ‘लांब केसांचं’. ती काही वेगळी, उंची जात नव्हे. आई आणि बाप दोघेही आखूड केसांचे, पण दोघांच्यात तो जनुक दडलेला असेल, तर सरासरी चारात एक पिल्लू लांब केसांचं निपजतं. पूर्वी हा दोष मानला जाई. एफसीआयच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, मानकात २०१० पासून लांब केसांना रीतसर जागा मिळाली, तीही खाली लोकर असेल तरच. त्यामुळे त्याच वेतातल्या भावंडांपेक्षा निव्वळ केसांचे जास्त पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. तेच पैसे आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे दाखवणाऱ्या ब्रीडरला द्यावेत. खुब्याचा सांधा सैल असणं, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, हे या जातीचं जुनं दुखणं आहे, आणि ८ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून ते ओळखता येत नाही.

लांब केस मात्र ८ आठवड्यांना कळतात. कानांच्या मागे आणि कडेला झिपऱ्या, बोटांच्या फटीतून डोकावणारे केस, मांडीच्या मागे पिसारा. पाठीवरचे केस बोटांनी दुभंगून बघा. तळाशी दाट, फिकट लोकर दिसली पाहिजे. सरळ कातडीच दिसली, तर पावसाचं पाणी थेट अंगाला लागणार.

८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. ‘दीड महिन्याचं घ्या, लवकर लळा लागतो’ असं सांगणाऱ्याकडून घेऊ नये. आई प्रत्यक्ष बघायची, फोटोत नाही. ती अनोळखी माणसाला बघून थरथरत असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी परत फिरा. पिल्लाच्या पोटाखाली पुटकुळ्या आणि बेंबीपाशी फुगवटा नको, शेपटाखालचे केस चिकट नकोत. पोट ढोलासारखं तट्ट आणि फासळ्या वर आलेल्या म्हणजे बहुधा जंत. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, नोंदणीचे कागद असतील, तर त्यांवरचा मायक्रोचिपचा नंबर स्कॅनर फिरवून ताडून घ्या. मागून उतरत्या पाठीचं ‘शो लाइन’, म्हणजे प्रदर्शनात मिरवणारा वंश, म्हणून कौतुक होतं. घरात वाढवायला सरळ पाठीचं बरं.

खाण्यात सगळ्यात मोठी चूक कॅल्शियमची. कान उभे राहावेत म्हणून सर्रास सिरप पाजतात. कान कूर्चेवर उभे राहतात, हाडावर नाही. दात बदलताना, ४ ते ६ महिन्यांत, ते उभे राहून पुन्हा पडतातही. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं नाकारता येत नाही, आणि वाढत्या हाडांची घडण बिघडते. दूध-पोळीवर वाढवलेल्याची गत वेगळी: कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण चुकतं आणि वर हगवण. ३ महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा, ६ महिन्यांपर्यंत ३ वेळा, पुढे २ वेळा. फासळ्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. गुटगुटीत शेफर्ड म्हणजे खुब्यांवर फुकटचा भार. गुळगुळीत टाइलवर पाय फाकत असतील तर रबरी मॅट टाका.

आता अवजारं. घ्यायचा तो आधी स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ, अर्धे दाट. दुकानदार मात्र बहुधा पात्याचं ‘डीशेडिंग’, म्हणजे गळते केस ओढून काढायचं अवजार, पुढे करतो. त्याने ढीगभर केस निघतात म्हणून समाधान वाटतं, पण जोर दिला की ते वरचे राखणीचे केसही तोडतं. लांब केसांना ते नकोच. बारीक, वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश चांगला, मनगट हलकं असेल तर. एकाच जागी घासत राहिलात तर कातडी सोलवटते. आधी आपल्या हातावर फिरवून बघा. गोल टोकांचा अंडरकोट रेक, म्हणजे खालची लोकर विंचरायचा दाताळा, पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येईपर्यंत लागत नाही.

विंचरायची रीत अशी. पिल्लाला कुशीवर झोपवा, डाव्या हाताने केस वर उचलून धरा, खालून इंचभर ओळ सोडा, ती मुळापासून टोकापर्यंत विंचरा, मग पुढची ओळ. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा चकचकीत दिसतो आणि आत लोकरीचा नमदा होतो. कानामागे, काखेत आणि मांडीच्या पिसाऱ्यात जटा आधी धरतात. जट पाण्याने भिजली की आवळते, म्हणून आंघोळीआधी विंचरायचं, नंतर नाही.

आंघोळ दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरे. वाळवणं महत्त्वाचं: टॉवेलने दाबून पाणी टिपायचं, मग गार हवेचा ब्लोअर, कातडीपर्यंत. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये ‘वाळेल आपोआप’ म्हणून सोडलं, की दोन दिवसांत शेपटाच्या मुळाशी ओलसर लाल चट्टा, वर चिकट पू. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून भादरूही नका. उन्हापासूनचा आडोसा जातो, आणि वरचे केस परत येताना ठिगळं पडतात. फक्त तळपायाच्या गाद्यांमधले केस कातरा. चिखल तिथेच साठतो आणि गोचीडही तिथेच लपते. फिरून आल्यावर बोटांच्या फटी, कानांच्या आतली घडी आणि पट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपा. लांब केसांत गोचीड डोळ्यांना दिसत नाही, फुगून वाटाण्याएवढी झाली तरी.