उन्हानं कातडी भाजल्यावर कोरफड जेल की कॅलामाइन?

मे महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये 'उन्हानं कातडी भाजली' म्हणा, काउंटरवर दोनच बाटल्या येतात: हिरवं कोरफड जेल, नाहीतर गुलाबी कॅलामाइन.

जेल घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. 'अल्कोहोल डिनॅट' पहिल्या चार-पाच नावांत असेल तर बाटली परत ठेवा. लावताच जो गारवा येतो तो हे अल्कोहोल उडून जातं म्हणून. थोड्या वेळात कातडी आणखी ताणते आणि चुरचुरते. (सेटिल अल्कोहोल मात्र वेगळं, ते कातडी मऊ ठेवतं.) सुगंध आणि मेंथॉलही नकोत. आणि हिरव्या रंगाला भुलू नका. कोरफडीचा गर पाण्यासारखा असतो, हिरवी असते ती साल! बिनरंगी, बिनवासाचं, ग्लिसरीन असलेलं जेल चांगलं.

पण जेलचा नंबर दुसरा, आधी पाणी. नागपुरात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच चटके देत येतं, म्हणून माठातलं घ्या किंवा पहाटे बादली भरून ठेवा. सुती पंचा भिजवून 10-15 मिनिटं ठेवा, गरम झाला की पुन्हा भिजवा. बर्फ थेट लावू नका. मग न घासता टिपायचं आणि ओलसर कातडीवरच जेलचा पातळ थर द्यायचा, दिवसातून तीन-चारदा. लाली 12 ते 24 तास वाढतच जाते. पहिल्या रात्री 'जेल बेकार निघालं' असं वाटतं ते त्यामुळे.

कुंडीतली कोरफड वापरायची तर पान कापून 15 मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक गळू द्या, त्यानंच खाज सुटते. मग धुऊन सोला.

कॅलामाइन वाईट नाही, पण ते कोरडं करतं. ताज्या भाजलेल्या चेहऱ्यावर त्याची पापडी धरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाज सुटली की बाटली नीट हलवून लावा, तिथे ते जेलपेक्षा सरस.

तूप-खोबरेल तापलेल्या कातडीवर नको, उष्णता आत अडकते. लिंबू तर नाहीच; त्यावर ऊन पडलं की काळे डाग उठतात.

फोड फोडू नका. ते बरेच असतील, ताप, हुडहुडी किंवा चक्कर असेल, किंवा तान्हं बाळ भाजलं असेल, तर दोन्ही बाटल्या बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.