सिव्हिल, मेक, इलेक्ट्रिकल की कॉम्प्युटर: बिल कुणावर फाटतं ते बघून ब्रांच घ्या

बारावीचा निकाल लागला की आमच्या फोंड्यात घरोघरी एकच विषय, कुठली ब्रांच घ्यायची. फर्मागुडीच्या कॉलेजला सिव्हिल मिळतंय, वेर्ण्याच्या कॉलेजला कॉम्प्युटर मिळतंय, काय करू सांगा. सगळे पगाराचं बोलतात, प्लेसमेंटचं बोलतात, पण रोजचं काम कसं असतं ते पोरांना कोणी सांगत नाही. मी मेकॅनिकलचा, वेर्ण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, एकाच मशीनभोवती चार ब्रांचची माणसं उभी राहून एकमेकांकडे बोट दाखवतायत हे रोज बघतो. म्हणून मी त्याच बाजूने सांगतो, बिघाड झाला की बिल कुणाच्या नावावर फाटतं, म्हणजे दोष कुणावर येतो, कधी फाटतं आणि सुटका कशी होते.

जुलैतली रात्रपाळी, धो धो पाऊस, पाणी उपसायचा १० एचपीचा पंप सारखा ट्रिप व्हायला, म्हणजे आपोआप बंद पडायला लागला. आम्ही मेकवाले म्हणालो मोटर गेली. इलेक्ट्रिकलवाले म्हणाले मोटर ठणठणीत आहे, तुमचं बेअरिंग जाम असणार, लोड वाढलाय. मग दोघांचं एकमत झालं ते इन्स्ट्रुमेंटेशनवर, म्हणजे मोजमापाची उपकरणं बघणाऱ्यावर, सेन्सर खोटं रीडिंग देतोय म्हणे, आणि त्या बिचाऱ्याने लॅपटॉप उघडून पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, रीडिंगचा आलेख दाखवला तरी कोणी ऐकेना. शेवटी कोणीतरी सिव्हिललाही ओढलं, फाउंडेशन खचलंय म्हणून अलाइनमेंट गेलं, मोटर आणि पंप एका रेषेत राहिले नाहीत. तास-दीड तास हेच. मग आमचा जुना वायरमन क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर, घेऊन आला, पंप चालू करायला लावला आणि एकेका फेजवर मीटर लावत बसला. पहिली दोन मिनिटं तिन्हीवर १४-१४ अँपिअर. मग मोटर घुमायला लागली, एक फेज शून्यावर आणि उरलेले दोन २४ वर. स्टार्टर उघडला तर एका केबलची लग, म्हणजे टोकाची जोडपट्टी, सैल होऊन काळी पडलेली. तीन फेजचं काम दोन फेजवर आलं की करंट साधारण पावणेदोन पट होतो, ओव्हरलोड रिले ट्रिप होणारच, जास्त करंट दिसला की मोटर बंद करणं हे त्याचं कामच.

ही गोष्ट एवढी सविस्तर सांगतोय कारण इलेक्ट्रिकल ही ब्रांच म्हणजे हेच आहे. आरोप लगेच येतो पण पुरावाही लगेच मिळतो. तिन्ही फेज सारखेच वाढलेले असले तर लोड बघा, मोटर-पंप जोडणारं कपलिंग सोडून मोटर एकटी फिरवा, करंट खाली आला तर भानगड पंपाकडे, म्हणजे आमच्याकडे. तिन्ही नॉर्मल आणि तरी ट्रिप होतंय तर रिलेचं सेटिंग नाहीतर कंट्रोल. पाच मिनिटांत दूध का दूध. ज्याला भांडण त्याच दिवशी संपलेलं आवडतं त्याने इथे यावं. फक्त घाई चालत नाही, या कामात चूक झाली तर माणूस जातो.

मेकॅनिकलमध्ये बिघाड हळूहळू सांगून येतो, आवाज बदलतो, हाताला कंप लागतो, बॉडी तापते, आठवडाभर आधी कळलेलं असतं पण प्रॉडक्शनवाले मशीन थांबवायला देत नाहीत आणि मोडलं की विचारतात मेंटेनन्स काय करत होता. पुरावा असतो, पण तो उघडल्यावर. बेअरिंगची रिंग हातात घेतली की त्यावरचे डाग सांगतात ग्रीस नव्हतं की अलाइनमेंट चुकलं होतं. ग्रीसने हात काळे व्हायची तयारी पाहिजे, कान पाहिजे. मला ही ब्रांच मनापासून आवडते, पण ज्याला एसीत बसायचंय त्याने आईबापांसाठी म्हणून घेऊ नये.

सिव्हिलचं बिल वर्षांनी येतं. मांडवीवरचा नेहरू पूल १९७० ला सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला, खाऱ्या हवेत आतल्या ताणलेल्या पोलादी केबल गंजल्या होत्या. सोळा वर्षं! तोपर्यंत डिझाइनवाला कुठे, कॉन्ट्रॅक्टर कुठे, साइटवर देखरेख करणारा कुठे, एक म्हणणार सिमेंट खाल्लं आणि दुसरा म्हणणार कव्हर, म्हणजे पोलादावरचा काँक्रीटचा थर, कमी ठेवलं. म्हणून इथे कागद जपणारा माणूस टिकतो, कुठल्या दिवशी किती काँक्रीट ओतलं, क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद, काय आली, सगळं लिहून ठेवणारा. आपल्याकडे पाऊस आणि समुद्राची हवा दोन्ही, त्यामुळे गोव्यात सिव्हिलवाल्याला काम कमी नाही आणि दोषही कमी नाही, घराची भिंत ओली दिसली की प्लंबर आणि एसीवाला दोघंही त्याचंच नाव घेतात.

ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, केलेले आमच्याकडे बहुतेक इन्स्ट्रुमेंटेशनला असतात. पहिला संशय त्यांच्यावर, कायम. त्यामुळे ही पोरं पुरावा काढायला सगळ्यांत तरबेज होतात, पण रोज सकाळी स्वतःची बाजू मांडायचा कंटाळा येत असेल तर विचार करा.

मायनिंगबद्दल एवढंच, खाणी २०१२ ला थांबल्या आणि २०१८ ला परत थांबल्या, गोवा सोडायची तयारी असेल तरच.

आता कॉम्प्युटर, ज्याच्यामागे सगळे धावतायत. इथे चूक बहुतेक वेळा मागे घेता येते, जुनं व्हर्जन टाकलं की चाललं, हा फार मोठा आराम आहे. पण चूक दिसत नाही. १९९९ मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं यान गेलं ते आकडा चुकल्यामुळे नाही, एका टीमचा प्रोग्राम जोराचे आकडे पाउंडमध्ये देत होता आणि दुसरी टीम ते न्यूटनमध्ये धरत होती, फरक साडेचार पटीच्या आसपास. दोन्हीकडची माणसं हुशार, मधल्या जोडावर कोणी बघितलं नाही. आमच्या त्या पंपाचंही तेच, लग म्हणजे जोडच.

माझ्याकडे कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकल दोन्ही मिळणारं पोर आलं आणि त्याचं मन नक्की कुठेच नसलं तर मी इलेक्ट्रिकल घे म्हणतो. प्रोग्रामिंग तिथे राहूनही शिकता येतं, आमचे दोन इलेक्ट्रिकलवाले घरी बसून शिकले आणि आता प्लांटचं सॉफ्टवेअर तेच बघतात. उलटं जमत नाही, कॉम्प्युटरची डिग्री दाखवून ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, पॅनलला हात लावायला कोणी देणार नाही.