एक्सलचा कट-कट आवाज: नुसता बूट, चाकाकडचा जॉइंट की पूर्ण शाफ्ट?

फुल स्टेअरिंग मारून गाडी हळू वळवली की पुढच्या चाकातून कट-कट असा आवाज येतो. चार गॅरेजवाल्यांना विचारा: कुणी बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) बदला म्हणेल, कुणी जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) टाका, तर कुणी थेट पूर्ण एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा अख्खा शाफ्ट, घ्यायला सांगेल. तिन्ही इलाज खरे आहेत, पण तुमच्या गाडीला त्यांतला एकच लागू पडतो.

ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (त्याचा सांधा) बदलला जायचा. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्या घरोघरी झाल्या. अशा गाडीत डावा आणि उजवा असे दोन शाफ्ट असतात. प्रत्येकाच्या चाकाकडच्या टोकाला सहसा सहा गोळ्यांचा जॉइंट असतो आणि गिअरबॉक्सकडच्या टोकाला बहुतेकदा तीन रोलरचा. दोन्हींवर रबराचा बूट. बूट फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि धूळ-पाणी आत जातं. कोकणातल्या पावसाळ्यात तर चिखलाचं पाणी थेट गोळ्यांपर्यंत पोचतं.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. मोकळ्या मैदानात फुल स्टेअरिंगवर गोल फिरवा, एकाला बाहेर उभं राहून ऐकायला सांगा. वळताना कट-कट म्हणजे चाकाकडचा जॉइंट. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताना थरथर किंवा सोडता-दाबताना ‘धप्’ असं झालं, तर संशय गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर, पण त्याआधी इंजिन माउंटिंग (इंजिनाचे रबरी आधार) तपासून घ्या. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं सहसा बेअरिंगची किंवा टायरची असते, त्यासाठी एक्सलवर खर्च करू नका. आणि आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा, जॉइंट हाताने थोडा आत-बाहेर सरकतो म्हणून कुणी घाबरवलं, तर ऐकू नका. तो सरकण्यासाठीच बनवलेला असतो.

बूट फाटलाय पण आवाज नाही, तर बूट किटच घ्या, आणि लगेच. मात्र नवा बूट चढवण्याआधी जॉइंट धुऊन उघडून दाखवायला सांगा. आतली रिंग तिरकी करून गोळ्या एकेक निघतात. ज्या खाचेत गोळी पळते तिथे नुसती चकाकती रेघ दिसली तर ठीक, नख अडकेल असा खड्डा असेल तर जॉइंट गेला. जुनं ग्रीस बोटांत चोळा: मऊ काळं असेल तर बरं, रवाळ लागलं तर आत माती आहे. शाफ्ट न काढता चिकटवायचा कापीव बूटही मिळतो. ग्रीसचा अंश राहिला की त्याची जोड सुटते, तेव्हा त्याला गाडी घरी आणण्यापुरताच समजा.

एकदा कट-कट सुरू झाली की नवा बूट आणि ग्रीस म्हणजे वाया गेलेली मजुरी. झिजलेली खाच ग्रीसने भरून येत नाही. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: आतला जॉइंट शांत असेल, तर फक्त चाकाकडचा नवा जॉइंट, चांगल्या कंपनीचा, आपल्या बूट-ग्रीससकट. आटे (शाफ्ट जॉइंटमध्ये बसतो त्या टोकाच्या उभ्या खाचा) आणि, असल्यास, एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) दातेरी रिंग जुन्याशी मोजून जुळवा.

पूर्ण शाफ्ट घ्यावा तो दोन्ही टोकं गेली असतील, किंवा शाफ्टचे आटे खाल्ले असतील तेव्हा. मिस्त्रीचं काम झटपट होतं, हा त्याचा खरा फायदा. पण स्वस्त लोकल शाफ्टने हायवेवर थरथर सुरू झाली, तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. कंपनीचा परवडत नसेल, तर लोकल पूर्ण शाफ्टपेक्षा चांगला एकटा जॉइंट मी कधीही पसंत करेन. भंगारातला शाफ्ट बूट उघडून खाचा बघितल्याशिवाय घेऊ नका.

मजुरीत मात्र तिन्हींमध्ये फारसा फरक नसतो, कारण चाक, एक्सल नट (शाफ्ट चाकाच्या हबमध्ये धरून ठेवणारा) आणि सहसा सस्पेन्शनचा खालचा बॉल जॉइंट सगळ्यात सोडवावेच लागतात. म्हणून फक्त पार्टच्या किमतीवरून ठरवू नका. शाफ्ट गिअरबॉक्समधून काढला तर ऑइल सांडतं; ऑइल सील त्याच वेळी बदला आणि लेव्हल भरून घ्या. एक्सल नट नवाच लावा, आणि तो हातोडी-पान्याने अंदाजे नव्हे, तर त्या मॉडेलला दिलेल्या टॉर्कवर (ठरलेल्या जोराने) आवळून घ्या. सैल राहिला तर बेअरिंग जातं. घरी करणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावल्याशिवाय गाडीखाली हात घालायचा नाही.