भिंतीवरचा उंबर, दहा महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या एका भिंतीला हाताने रंगवलेलं कॅनव्हास चिकटवून घेतलं. अकरा फूट रुंद, नऊ फूट उंच, तीन पट्ट्यांत, ॲक्रिलिक रंगांत. ५५० रुपये चौरस फुटाने साधारण साडेचोपन्न हजार गेले आणि सात आठवडे लागले. पावसाळा सरत आलाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

चित्रकार मुलीने पहिल्यांदा दाखवलेल्या नमुन्यांत धुकं, बगळे आणि कमळं होती. छान होते, पण हॉटेलच्या लॉबीत बसल्यासारखं वाटत होतं. मला चिपळूणच्या घरामागचा उंबर हवा होता, श्रावणातला, आणि त्यावर हरोळ्या, म्हणजे हिरवी रानकबुतरं. तिने फुटाला एक इंच या मापाने कच्चं चित्र काढून आणलं. त्यात उंबराची फळं आंब्यासारखी फांद्यांच्या टोकांना लोंबत होती. सासूबाईंनी चष्मा चढवला. "अगं, उंबराची फळं खोडाला लागतात, घोसच्या घोस! आणि हरोळीचे पाय लाल कसले काढलेस? पिवळे असतात." पोरीने खिडकीत बसणाऱ्या कबुतरांचे पाय काढले होते. ती हसली, म्हणाली, "काकू, तुम्हीच बसा माझ्याबरोबर." आणि खरंच, पुढचे दोन रविवार दोघींनी मिळून चित्र पक्कं केलं. खोडावर फळं आल्यावर भिंतीचं रूपच पालटलं. नाहीतर मधला तीन फुटांचा पट्टा नुसता तपकिरी राहिला असता.

सासूबाईंची दुसरी सूचना कलेबाहेरची. उंबर म्हणजे औदुंबर, दत्ताचं झाड, त्याच्या बुडाशी चपला नकोत. चपलांचं कपाट नेमकं त्याच भिंतीला होतं. ते बाहेर पॅसेजमध्ये गेलं, आणि हॉल मोठा वाटायला लागला तो मला वाटतं निम्मा त्यामुळेच.

एक गोष्ट आम्ही शहाणपणाने केली. रंगाला हात लावण्याआधी भिंतीवर खडूने फांद्या आखल्या, सोफा जागेवर ठेवला आणि बसून पाहिलं. उभं राहून सुरेख दिसणारी हरोळ्यांची जोडी बसल्यावर कुणाच्या तरी डोक्यामागे जात होती. ती फूटभर वर सरकवली. स्विचबोर्ड खोडाच्या मधोमध येत होता, तिथे ढोली काढली. आता भाचा पंखा लावायचा झाला की "ढोलीत हात घालतो" म्हणतो.

भिंत निवडतानाही वाद झाला. चित्रकार मुलीला पश्चिमेची हवी होती, खिडकीच्या उजेडामुळे. त्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येतात, म्हणून मी बेडरूमला लागून असलेली आतली भिंत धरून बसले. जुलैत पश्चिमेच्या भिंतीला ओल आली तेव्हा मी कुणाला काही बोलले नाही, फक्त बोट दाखवलं.

तरी आतल्या भिंतीवरही पावसाळ्याने हात मारलाच. दमट हवेत दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या मधला सांधा बोटभर लांबीत उचलला गेला. पुन्हा चिकटवला, पण बारीक पांढरी रेघ राहिली. यावर तिने जो उपाय केला तो जुना निघाला. अठराव्या शतकात चीनमधून कँटन बंदरातून युरोपात हाताने रंगवलेले भिंतीचे कागद जात. ते लावताना जोड दिसू नये म्हणून जादा कागदातले पक्षी, फुलं कापून सांध्यावर डकवत. आमच्याकडे उरलेल्या कॅनव्हासवर रंगवलेलं ब्ल्यू मॉर्मन फुलपाखरू सांध्यावर बसलंय. पाहुणे सगळ्यात आधी त्याचंच कौतुक करतात. सांधा असा फळला!

हरोळ्या मात्र कुणाला चटकन दिसत नाहीत. पानांत पानांच्याच रंगाच्या, खांद्यावरचा जांभळट पट्टा सापडला तरच सापडतात. एकूण नऊ आहेत. भाचा अजून सातांवर अडकलाय.

आता तक्रारी. पहिली उजेडाची, आणि ती चूक माझी. तिने चित्र दिवसा आणि पांढऱ्या ट्यूबखाली रंगवलं. आमच्या हॉलमध्ये २७०० केल्व्हिनचे पिवळे दिवे. संध्याकाळी सगळा श्रावण शेवाळी दिसायचा. ४००० केल्व्हिनचे, म्हणजे जास्त पांढरे, लावले तेव्हा हिरवा परतला. शिवाय वॉर्निश मॅट सांगायला हवं होतं. अर्धवट चमकणारं निघालं, त्यामुळे दारातून आत येताना डावीकडची पट्टी आरशासारखी लकाकते. याची सवय अजून झालेली नाही.

दुसरी तक्रार खोबरेल तेलाची. सोफ्यावर मान टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल चित्रात खाली काढलेल्या नेच्यांवर (फर्नवर) उमटलंय, बरोबर तीन डाग, तीन माणसांच्या उंचीचे. हळदीचा हात लागला होता तो ओल्या फडक्याने निघाला, धूळ मऊ ब्रशने जाते, पण तेल वॉर्निशच्या आत मुरल्यासारखं झालंय. खालचे तीन फूट वेगळ्या पट्टीवर रंगवून घेतले असते तर तेवढीच बदलता आली असती. सोफा तूर्त वीतभर पुढे ओढलाय.

गणपतीनंतर ती नेचे पुन्हा रंगवायला येणार आहे. सासूबाईंनी तिला आधीच सांगून ठेवलंय की येतेच आहेस तर उंबराखाली एक गाय काढ.