बिलिंग काउंटरवर डायलॉगशिवाय प्रिंट: सात महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या इतवारीतल्या किराणा काउंटरवर सात महिने हीच मांडणी रोज चालू आहे: विंडोज ११, क्रोममध्ये उघडणारं बिलिंग आणि यूएसबीवर ८० मिमीचा थर्मल प्रिंटर. गर्दीत प्रत्येक बिलाला ब्राउझरची विचारणा करणारी खिडकी (डायलॉग) उघडते आणि तिच्यात पुन्हा 'प्रिंट' दाबणं नकोसं होतं. ते टाळता येतं, पण वेबपानाच्या कोडमधून नाही. पानाने प्रिंट मागितली की ब्राउझर विचारणारच, नाहीतर कुठलीही साइट तुमचा रोल रिकामा करेल. सूट द्यायची ती संगणकाच्या बाजूनेच.

क्रोमच्या शॉर्टकटची प्रत करा. गुणधर्मांतल्या 'टार्गेट' ओळीच्या शेवटी एक जागा सोडून दोन डॅश आणि किऑस्क-प्रिंटिंग हा स्विच (क्रोम सुरू होताना त्याला दिलेली सूचना; इथे न विचारता छापण्याची) इंग्रजीत लिहा: --kiosk-printing. बहुतेकांचं अडतं ते यानंतर. क्रोम आधीच पार्श्वभूमीत चालू असेल तर नवी खिडकी त्याच्यातच उघडते आणि स्विच वाया जातो. म्हणून यूझर-डेटा-डिर (--user-data-dir) हा दुसरा स्विच देऊन बिलिंगसाठी क्रोमच्या सेटिंग्जचं फोल्डर वेगळं ठेवा. हे सुरक्षेसाठीही हवंच, कारण त्या खिडकीत उघडलेलं प्रत्येक पान न विचारता छापू शकतं. ॲप (--app) स्विचने थेट बिलिंगचा पत्ता उघडला की पत्त्याची पट्टीच दिसत नाही, आणि काउंटरवरचा मुलगा तिथे दुसरं काही उघडत बसत नाही.

किऑस्क स्विच लावण्याआधी त्याच फोल्डरने एकदा साधी प्रिंट काढा: थर्मल प्रिंटर निवडा, मार्जिन 'नन', हेडर-फूटर बंद. विंडोजमध्ये 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' हा पर्यायही बंद करा. तो चालू असला की कोणी ए-४ वर चलान काढलं तरी डीफॉल्ट बदलतो.

सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) छापायच्या पानाची रुंदी ८० मिमी आणि उंची 'ऑटो' लिहिलेलं सर्रास दिसतं. ते नियमात बसत नाही, ब्राउझर ती ओळ सोडून देतो. नुसतं ८० मिमी लिहिलं तर चौकोनी पान मिळतं आणि बिल मध्येच तुटतं. दोन्ही मापं द्या, मजकूर ७२ मिमीत बसवा. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या) हेडवर तेवढ्यात ५७६ ठिपके येतात.

सगळ्यात जास्त घोळ रोल संपल्यावर होतो. बिल खरंच छापलं का, हे पानाला कळतच नाही. कॅशियर पुन्हा पुन्हा बटण दाबतो, कामं रांगेत साचतात, आणि नवा रोल घातला की सगळी बिलं एकदम बाहेर. दुसऱ्यांदा काढलेल्या बिलावर 'दुसरी प्रत' छापून यायलाच हवं. (नागपूरच्या मे महिन्यात शिल्लक रोल उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, कागद काळवंडतो.)

बिलाला एक आणि लेबलला दुसरा प्रिंटर असेल, किंवा गल्ला उघडण्याची आज्ञा सॉफ्टवेअरमधूनच पाठवायची असेल, तर क्यूझेड ट्रे हा प्रोग्रॅम घ्या. तो संगणकावर चालतो आणि पान त्याच्याशी वेबसॉकेटने (सतत चालू राहणाऱ्या जोडणीने) बोलतं. २७, ११२, ०, २५, २५० हे पाच बाइट प्रिंटरला पाठवले की गल्ला उघडतो. मराठी मजकूर मात्र अशा थेट प्रिंटरच्या भाषेतल्या कच्च्या आज्ञांनी पाठवू नका, बहुतेक प्रिंटरांत देवनागरी नसते. चित्र करून पाठवा. डिजिटल सही नसलेल्या विनंतीला क्यूझेड ट्रे दरवेळी परवानगी विचारतो, म्हणजे डायलॉग परत आलाच. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि विनंतीवर सही सर्व्हरवर करावी लागते. घाईत खासगी किल्ली (जिने ही सही होते ती गुप्त फाइल) पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये टाकणं मोठी चूक आहे: पान उघडणारा कोणीही ती उचलून तुमच्या नावाने छापू शकतो.