आयए६बी आणि ईआर६: दिवाळीपासून दोन विमानांत दोन रिसीव्हर

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा रिसीव्हर, म्हणजे विमानात बसून रिमोटचे आदेश घेणारा भाग, घेताना पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: रेंज किती? गेल्या दिवाळीपासून दोन विमानांत दोन वेगळे रिसीव्हर वापरतोय, आणि आता मी हा प्रश्न यादीत बराच खाली टाकेन. नुसत्या डोळ्यांनी उडवायचं विमान तीन-चारशे मीटरवर गेलं की ते येतंय की जातंय हेच कळेनासं होतं. तेवढ्या अंतराला आजचा कुठलाही बरा रिसीव्हर पुरतो.

पहिलं विमान फोमबोर्डचं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं शिकाऊ विमान. ए२२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी, पंख-शेपटीचे भाग हलवणारे नऊ ग्रॅमचे सर्व्हो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या एरोमॉडेलिंग क्लबांत असतं तेच सामान. त्यात फ्लायस्कायच्या एफएस-आय६ रिमोटसोबत आलेला एफएस-आयए६बी. दुसरं कार्बन बूमचं (शेपटीचा दांडा कार्बनचा) मोटर ग्लायडर, त्यात रेडिओमास्टरचा ईआर६, म्हणजे ईएलआरएस या ओपन-सोर्स रेडिओ प्रणालीचा. दोघांनाही सहा पीडब्ल्यूएम आउटपुट (सर्व्हो थेट जोडायच्या जागा) आणि दोन अँटेना.

खरं तर रिसीव्हर आपण निवडतच नाही, तो रिमोट घेतला त्या दिवशीच ठरलेला असतो. आय६ला एएफएचडीएस २ए ही रेडिओ भाषा बोलणारा लागतो, स्पेक्ट्रम कंपनीच्या रिमोटला डीएसएमएक्सवाला, आणि एकाचा रिसीव्हर दुसऱ्याशी बोलत नाही. अशा अनेक भाषा बोलणारा मल्टिप्रोटोकॉल रिमोट घेऊन जुने फ्लायस्काय रिसीव्हर चालवायचे असतील तर आत ए७१०५ ही चिप हवी. ती ‘फोर-इन-वन’ मॉड्यूलमध्ये असते, नुसत्या सीसी२५००वाल्या स्वस्त आवृत्तीत नसते. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. नखाएवढे ईएलआरएस रिसीव्हर स्वस्त दिसतात, पण त्यातल्या बहुतेकांतून फक्त सीआरएसएफचा सिरियल सिग्नल निघतो. त्यांना सर्व्हो थेट जोडता येत नाही, मध्ये फ्लाइट कंट्रोलर (विमान सांभाळणारा छोटा संगणक) लागतो. साध्या विमानाला नावापुढे ‘पीडब्ल्यूएम’ लिहिलेलाच घ्या.

आयए६बीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि ही तक्रार नव्हे. १४.९ ग्रॅम वजन, बाइंड प्लग लावला की रिमोटशी जोडणी झाली, नंतर विसरून जायचं. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. त्याचा पुरवठा ४ ते ६.५ व्होल्ट, तेव्हा हाय-व्होल्टेज सर्व्होसाठी बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना ठरावीक व्होल्टेज पुरवणारं सर्किट) ७.४वर ठेवणाऱ्यांनी हा लावू नये. दुसरं, रिमोटवर दिसतो तो रिसीव्हरचा व्होल्टेज. तो बीईसीतून येतो, त्यामुळे लिपो तळाला लागली तरी आकडा पाचच्या आसपास तसाच. मुख्य बॅटरी बघायची तर सीव्हीटी०१ हे मॉड्यूल वेगळं घ्यावं लागतं. मी ते घेतलं नाही, टायमर लावतो.

ईआर६ची खरी किंमत मला कळली ती अँटेनाची जागा ठरवताना. कार्बन २.४ गिगाहर्ट्झ अडवतो हे पुस्तकात सगळेच वाचतात. इथे ते आकड्यात दिसलं. ट्रान्समीटरची पॉवर १० मिलिवॉटवर आणली, मित्राला ग्लायडर धरून माळाच्या टोकाला उभं केलं आणि सावकाश गोल फिरायला सांगितलं. अँटेना बूमलगत असताना एका बाजूला रिमोटवर दिसणारी लिंक क्वालिटी, म्हणजे शंभरातले किती आदेश पोचतात तो आकडा, शंभरावरून झरझर खाली यायची. एक अँटेना बाहेर काढली, दुसरी तिच्याशी काटकोनात, दोन्ही बॅटरी आणि ईएससीच्या तारांपासून दूर. मग त्याच जागी, त्याच फिरकीत आकडा हलेना. नुसतं ‘सर्व्हो हलतोय ना’ एवढं बघून हा फरक कधीच कळला नसता.

पॅकेट रेट, म्हणजे रिमोट सेकंदाला किती वेळा आदेश पाठवतो, याबद्दल बरेच गैरसमज ऐकतो. ५०० हर्ट्झ हे रेसिंग ड्रोनवाल्यांचं वेड आहे. साधा अ‍ॅनालॉग सर्व्हो सेकंदाला ५० वेळाच नवा आदेश घेतो. ईएलआरएस २.४मध्ये ५०० हर्ट्झची संवेदनशीलता साधारण −१०५ डीबीएम, ५० हर्ट्झची −११५; आकडा जितका खाली तितका क्षीण सिग्नलही पकडला जातो. दहा डेसिबल म्हणजे मोकळ्या हवेत तिपटीहून थोडं जास्त अंतर, तेही फुकटात. मी ‘१०० हर्ट्झ फुल’ या सेटिंगवर ठेवतो.

आता कटकटी. सुरू झाल्यावर ६० सेकंदांत रिमोट सापडला नाही तर ईएलआरएस रिसीव्हर वायफाय मोडमध्ये जातो, मग बॅटरी काढून परत लावा. आधी रिमोट, मग विमान हा जुना नियम पाळला तर अडचण येत नाही. रिमोट आणि रिसीव्हरच्या फर्मवेअरची मुख्य आवृत्ती एकच हवी. एकाकडे २ आणि दुसऱ्याकडे ३ असेल तर ते जुळत नाहीत. पाचवं चॅनेल आर्मिंगसाठी (मोटरला सुरू व्हायची परवानगी देण्यासाठी) राखीव, म्हणून तीन टप्प्यांचे फ्लॅप सहाव्यावर न्यावे लागले. आणि विमान व्यवस्थित ताब्यात असतानाही रिमोटमधल्या आवाजाच्या बाई मधूनच ‘टेलिमेट्री लॉस्ट’ (विमानाकडून येणारी माहिती थांबली) म्हणतात, तेव्हा नवख्याच्या पोटात गोळा येतो. परतीचा सिग्नल तुटला म्हणजे ताबा सुटला असं नसतं.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं ते, दोन्हीकडे स्वतः लावायचं, कंपनीच्या सेटिंगवर विसंबायचं नाही. थ्रॉटल बंद, ग्लायडरला किंचित वळण, म्हणजे ते घिरट्या घेत जवळपास उतरतं. तपासताना मोटरचा पंखा काढून ठेवायचा, रिमोट बंद करायचा आणि डोळ्यांनी बघायचं. माळावर ‘सिग्नल गेला’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अपघातांतले बरेचसे मला बीईसीचे वाटतात. चार सर्व्हो एकदम ओढ घेतात, दोन अँपिअरचा बीईसी दबतो, रिसीव्हर रिसेट होतो, आणि दोष मात्र रिसीव्हरच्या माथी. ग्लायडरला मी वेगळा पाच अँपिअरचा यूबीईसी (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी) लावलाय.

आय६ हातात असेल आणि ट्रेनरच उडवायचं असेल तर काहीही बदलू नका, आणखी एक आयए६बी घ्या. रिमोटच नवा घेणार असाल, किंवा कार्बनचं, मोठं, महागडं काही हवेत न्यायचं असेल, तर ईएलआरएस पीडब्ल्यूएम. ट्रेनरमधला आयए६बी मी काढणार नाहीये.