एक चौरस मीटर पाऊस: पत्रकारांसाठीच्या हवामान बदल कार्यशाळेचा अनुभव

चौदा वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या शहर डेस्कवर काम करते. पावसाळ्यात रात्री पान सोडायच्या वेळी पावसाचा मथळा बहुतेकदा माझ्याकडेच येतो. दोन वर्षांपूर्वी मी 'उपनगरांत ढगफुटी' असा मथळा दिला. दुसऱ्या दिवशी मुलुंडहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. रागावलेले नव्हते, शांतपणे विचारत होते, "किती पाऊस पडला की ढगफुटी म्हणतात हो?" मला उत्तर देता आलं नाही. ते तेव्हापासून डोक्यात बसलं होतं. म्हणून दादरला पत्रकारांसाठी हवामान बदलाच्या वार्तांकनाची दोन दिवसांची कार्यशाळा आहे म्हटल्यावर मी साप्ताहिक सुट्टीला एक रजा जोडून गेले. फी १,८०० रुपये, दोन्ही दिवसांच्या जेवणासकट. स्वतःच्या खिशातून भरली.

पहिल्या दिवशी सकाळचं सत्र घेतलं एका निवृत्त हवामान निरीक्षकांनी. त्या एका सत्रासाठी सगळे पैसे वसूल झाले. त्यांनी आल्या आल्या खडूने फरशीवर मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन आखला आणि आमच्यातल्या एका तरुण बातमीदाराला त्यात उभं केलं. "यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे किती पाणी?" कोणी बोलेना. मग त्यांनी एक लिटरची बाटली घेतली आणि चौकोनात ओतली, त्या मुलाचे बूट भिजले. "एवढं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आता २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पडला." हॉलच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा जार होता. त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "असे सत्तेचाळीस जार. या एका चौकोनात, एका दिवसात."

मी तेव्हा कॉलेजात होते आणि कुर्ल्याहून घाटकोपरपर्यंत छातीभर पाण्यातून चालत आले होते. ९४४ हा आकडा मी स्वतः कितीतरी वेळा छापला आहे. तो पहिल्यांदा समजला त्या खडूच्या चौकोनात.

त्यांनी लगेच दुसरा आकडा दिला: त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीसुद्धा पाऊस नव्हता. तेव्हा 'मुंबईत इतका पाऊस' असं लिहिताना कुठल्या केंद्राचा आणि कुठल्या वेळेचा, हे लिहिलंच पाहिजे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असतो. आम्ही डेस्कवर रात्रीचे आकडे आणि सकाळचे आकडे खुशाल बेरजेत धरतो. दिवसाला ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार', ही विशेषणं आम्ही चवीपुरती वापरतो. त्यांच्याकडे ती मोजलेली आहेत. आणि ढगफुटी म्हणजे तासाभरात १०० मिमी किंवा जास्त, तेही साधारण २०-३० चौरस किलोमीटरच्या टापूत. मुलुंडच्या सरांना मी त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन केला.

भाषेवरचं सत्र मला सगळ्यात जवळचं वाटलं. मराठीत आज पाऊस पडेल का तेही हवामान आणि तीस वर्षांची सरासरी तेही हवामान. बाईंनी, म्हणजे ते सत्र घेणाऱ्या प्राध्यापिकेनं, हे फार सुंदर सोडवलं. "मृग लागला की पाऊस येणार, असं आजी ज्या भरवशावर म्हणायची, तो क्लायमेट. आज छत्री न्यायची की नाही, ते वेदर. आजीचा भरवसा आता डळमळतोय, बातमी ती आहे."

मग त्यांनी तासभर 'मुळे' वापरायला बंदी केली. 'हवामान बदलामुळे पूर', 'हवामान बदलामुळे उष्माघात' अशी आमचीच छापील वाक्यं फळ्यावर लिहिली आणि 'मुळे' न वापरता पुन्हा लिहायला लावली. जमता जमेना. एकट्या हवामान बदलामुळे पूर येत नाही. भरतीची वेळ, बुजलेला नाला, तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली जुनी गटारं, सगळं त्यात असतं. पण हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, हे भौतिकशास्त्र आहे आणि तेही सांगायलाच हवं. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधल्या भारत-पाकिस्तानातल्या उष्णतेच्या लाटेचं उदाहरण त्यांनी घेतलं. वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन या आंतरराष्ट्रीय गटाच्या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की हवामान बदलाने अशी लाट येण्याची शक्यता सुमारे ३० पट वाढली. 'शक्यता ३० पट वाढली' आणि 'उष्णता ३० पट वाढली' यांतला फरक आम्हा तीसएक जणांपैकी चौघांनी मथळ्यात चुकवला. एकाने १.५ अंश सेल्सिअसच्या वाढीचं फॅरनहाइट ३४.७ केलं. वाढीला ३२ मिळवायचे नसतात, ती २.७ अंश होते. ओझोनच्या थराला भोक पडलं म्हणून पृथ्वी तापते, हा चुकीचा समज तर हॉलमधल्या निम्म्या लोकांचा होता, अगदी विज्ञान पुरवणी सांभाळणाऱ्यांचासुद्धा.

उन्हाच्या लाटेचे निकषही असेच नीट लावून दिले. मैदानी भागात किमान ४०, किनाऱ्यावर ३७, आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त. नागपूरचा सहकारी म्हणतो, ३७ ला तुम्ही काय घाबरता. आता त्याला सांगता येईल.

दुसऱ्या दिवसाबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती मनापासूनची आहे. दुपारनंतर सगळं इंग्रजीत गेलं. आंतरराष्ट्रीय परिषदांवरचं सत्र म्हणजे बारीक अक्षरांच्या स्लाइड वाचून दाखवणं होतं. मागच्या तीन रांगांना काही दिसलं नाही. माझ्या शेजारी पालघरहून पहाटेची गाडी पकडून आलेली एक स्ट्रिंगर, म्हणजे पगारावर नसलेली, बातमीमागे मानधन घेणारी बातमीदार, होती. तिच्या भागात समुद्र किनारा खातोय, तिच्याकडे बातम्यांची खाण आहे. ती तीन तास वही मिटून बसली. शेवटी मला म्हणाली, "ताई, कालचं सगळं लिहून घेतलं, आजचं कुणाला विचारू?" मुंबईच्या २०२२ च्या वातावरण कृती आराखड्यावर, २०५० च्या नेट झीरोच्या (जेवढे हरितगृह वायू सोडू तेवढेच शोषले जातील, अशा) उद्दिष्टावर पाच मिनिटं मिळाली. महापालिका कव्हर करणाऱ्यांना तेच दिवसभर हवं होतं. शास्त्रज्ञांशी थेट बोलता येईल असा ग्रुप करून देऊ म्हणाले होते. दोन महिने झाले, ग्रुप आहे, शास्त्रज्ञ नाहीत.

जेवण चांगलं. एसी अति.

मधल्या काळात एका रात्री अंधेरीकडे जोराचा पाऊस झाला. बातमीदाराच्या कॉपीत पहिलाच शब्द 'ढगफुटीसदृश'. मी तासाचा आकडा मागितला. पंधरा मिनिटं लागली, पानाला उशीर झाला, वरून बोलणीही बसली. आकडा शंभराच्या जवळपासही नव्हता. मथळ्यात केंद्राचं नाव, मिलिमीटर आणि वेळ गेली.

आयोजकांना मी लेखी कळवलं आहे: दुसरा दिवस मराठीत करा, डेस्कवरच्या लोकांसाठी मथळ्यांचं सत्र दुप्पट करा, आणि पालघर-रायगडच्या स्ट्रिंगरना फी माफ करा. तेवढं झालं तर पुढच्या बॅचला आमच्या डेस्कवरच्या दोन पोरांची फी मी भरते.